घरची जुनी गोल करवत पुन्हा चालवायची आहे? आरागिरणी परवान्याची अर्ज प्रक्रिया, अटी आणि कागदपत्रं

कोकणात आणि विदर्भात अजूनही काही घरांच्या मागच्या पडवीत जुनी गोल करवत उभी असते. बिडाचं टेबल, दोन-अडीच फुटी पातं, पट्ट्याची चाकं. घराची दुरुस्ती निघाली किंवा बागेतला फणस वाऱ्याने पडला की विचार येतो, वासे आणि फळ्या घरीच पाडून घेऊ. यंत्र दुरुस्त होतं, पात्याला धार लावून मिळते. अडतं ते परवान्यापाशी, म्हणून गॅरेजवाल्याला बोलावण्याआधी ही माहिती वाचा.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. "आम्ही धंदा कुठे करतोय, घरच्यापुरतंच कापतोय" हे उत्तर वनविभागापुढे चालत नाही. तिथे पाहिलं जातं ते एवढंच की यंत्रावर गोल ओंडका चिरला जातो का. चिरला जात असेल तर ती आरागिरणी आणि तिला परवाना हवा. करवत मोटरवर चालते, डिझेल इंजिनवर चालते की ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर, त्याने फरक पडत नाही. उलट, अधिकृत वखारीतून बिलासह आणलेलं चिरलेलं लाकूड, प्लायवूड, बांबू किंवा आयात लाकूड यांवरच काम करणाऱ्यांना केंद्राच्या २०१६ च्या लाकूड-आधारित उद्योग मार्गदर्शक सूचनांनी परवान्यातून मोकळं ठेवलं आहे. म्हणजे फळीची पट्टी काढणं वेगळं आणि ओंडक्याची फळी काढणं वेगळं.

इतकी कडक व्यवस्था का, तेही समजून घ्या. जंगलं वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलांतल्या बेकायदा गिरण्यांना चाप लावला. पाठोपाठ ४ मार्च १९९७ च्या आदेशात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करायला सांगितलं. २००२ मध्ये नव्या गिरण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्रदत्त समितीची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. २०१५ मध्ये ते अधिकार राज्यस्तरीय समितीकडे आले आणि त्यातून २०१६ च्या सूचना निघाल्या. राज्यात त्यांच्या जोडीला महाराष्ट्र वन नियम, २०१४ लागू आहेत. रेंज ऑफिसातला (वनक्षेत्रपाल कार्यालयातला) कारकून "नवीन होत नाही हो" म्हणतो त्यामागे हा सगळा इतिहास आहे. तो तुम्हाला टाळतोय असं लगेच समजू नका.

आता तुमच्या करवतीचा प्रश्न दोनपैकी एका वाटेने जाईल.

पहिली वाट म्हणजे जुना परवाना असणं. घरातली ट्रंक, दस्तांची पिशवी, देवघरामागची फडताळं, सगळं धुंडाळा. वडील किंवा आजोबांच्या नावाचा परवाना, नूतनीकरणाचे शिक्के, फी भरल्याची चलनं, वनखात्याशी झालेला पत्रव्यवहार, जे सापडेल ते जपा. घरात काही नसेल तर उपवनसंरक्षक कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज करून त्या गावातल्या परवानाधारक गिरण्यांची नोंद मागता येते. परवाना एका व्यक्तीच्या नावाने, ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक यंत्रासाठी असतो. त्यामुळे धारक वारला असेल तर आधी नाव बदलून घ्यायचं, थकलेलं नूतनीकरण सोडवायचं आणि मगच यंत्राला हात लावायचा. यासाठी मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागतं. भावांमध्ये वाटणी झालेली नसेल तर संमतीपत्राचं काम सगळ्यात आधी करा. कागद इथेच वर्षानुवर्षं अडतात.

दुसरी वाट म्हणजे नवा परवाना. इथे निकाल जागेवर लागतो. अधिसूचित वनक्षेत्राच्या किंवा संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून हवाई अंतराने १० किलोमीटरच्या आत नव्या गिरणीला सामान्यतः परवानगी नाही. औद्योगिक वसाहती आणि नगरपालिका हद्दीसाठी अंतराची ही अट शिथिल आहे. कोकणातल्या किंवा गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावातून १० किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, त्यात राखीव वन येणार नाही अशी जागा क्वचित सापडेल. म्हणून घराच्या पडवीत नवी गिरणी हा हट्ट बहुतेकांनी सोडलेला बरा. खरोखर व्यवसाय करायचा असेल तर एमआयडीसीतली जागा पाहा.

अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावाने, वनक्षेत्रपाल कार्यालयामार्फत जातो. नव्या परवान्याचा प्रस्ताव जागेची पाहणी आणि अंतराची मोजणी होऊन राज्यस्तरीय समितीपुढे मांडला जातो. या भागात लाकूड कुठून आणि किती मिळेल, हा समितीचा मुख्य प्रश्न असतो. त्याचं उत्तर तुमच्या अर्जात आधीच हवं.

सोबत जोडायला आधार, पॅन, सातबारा आणि आठ-अ (गावठाणात मिळकत पत्रिका), जागा औद्योगिक वापराची असल्याचा कागद, अक्षांश-रेखांशासह स्थळनकाशा, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, वीजबिल आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती तयार ठेवा. यंत्राचा तपशील नेमका लिहा. गोल करवत की बँडसॉ (पट्टा करवत), पात्याचा व्यास, मोटरची अश्वशक्ती, वर्षाला किती घनमीटर लाकूड चिरणार. पाहणीत पातं अर्जातल्यापेक्षा मोठं निघालं तर सगळा अर्ज संशयात जातो.

गिरणीला परवाना असला तरी प्रत्येक ओंडक्याचा कागद वेगळा लागतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ यांच्यासोबत आंबा, फणस, जांभूळ आणि चिंचही आहेत. आपल्याच बागेतलं, आपणच लावलेलं झाड असलं तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. वाऱ्याने पडलेल्या झाडाचा फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा करून ठेवा. लाकूड रस्त्याने न्यायला वनविभागाचा वाहतूक पास लागतो; त्यातून काही प्रजाती वगळल्या आहेत, त्यांची यादी रेंज ऑफिसात मिळते. गिरणीत आलेला ओंडका आणि गेलेली फळी यांची नोंदवही रोजच्या रोज भरायची असते. तपासणीला आलेला वनपाल आधी हीच वही मागतो, आणि नोंद नसलेलं लाकूड भारतीय वन अधिनियमाखाली जप्त होऊ शकतं.

यंत्राबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. जुन्या गोल करवतींवर पात्यामागचा फाळ बहुतेकदा नसतोच, कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला असतो. कापलेल्या भेगेत शिरून लाकडाचे दोन भाग अलग धरणारी ती पोलादी पट्टी. ती नसेल तर ओलं लाकूड मिटतं, फिरत्या पात्याला मागून आवळतं आणि अख्खी फळी कापणाऱ्याच्या पोटावर येते. फाळ दातांपासून १० मिलिमीटरच्या आत बसवून घ्या, पात्यावर झाकण आणि पट्ट्यावर जाळी लावा, शेवटचा हातभर भाग हाताने नव्हे तर काठीने ढकला. पातं उजेडात धरून दातांच्या बुडाशी बारीक चीर दिसते का ते तपासा. चीर दिसली तर ते पातं भंगारात द्या, वेल्डिंग करून पुन्हा चढवू नका.

एवढ्या खटपटीनंतर आणायच्या फळ्या फक्त घराच्या दुरुस्तीपुरत्या असतील तर तोडीची परवानगी आणि लागत असल्यास पास घेऊन ओंडके जवळच्या परवानाधारक गिरणीत न्या आणि चिराईची पावती घ्या. त्याच फळ्या घरी आणून घडवायला कुणाचीच हरकत नसते. परवान्याच्या वाटेनेच जायचं ठरलं तर पहिला अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या आणि ती प्रत जुन्या परवान्याच्याच फाइलीला लावा.