घोड्याची उरलेली औषधे
घोड्याची उरलेली औषधे : पशुवैद्याने चिठ्ठीवर लिहून दिलेली, पण घोडा बरा झाल्याने, विकला गेल्याने किंवा दगावल्याने न संपलेली औषधे. विदर्भाच्या खेड्यांत घोडी प्रामुख्याने वरातीसाठी पाळतात. उरलेली शिशी कोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून पुढे गाईला किंवा शेजाऱ्याच्या घोडीला टोचण्याची रीत सर्वपरिचित असून ती घातक आहे.

रक्तातील परजीवींमुळे होणाऱ्या सर्रा रोगावरील क्विनापायरामीन हे औषध अपुऱ्या मात्रेत दिल्यास परजीवी औषधाला दाद देईनासे होतात. वेदनाशामक फेनिलब्युटाझोनमुळे माणसात रक्तपेशी घटण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो. त्याचा अंश दुधातून माणसाच्या पोटात जाऊ शकतो, म्हणून ते दुभत्या जनावराला देऊ नये.

मेलेल्या जनावरात राहिलेल्या औषधाचा प्रश्न गिधाडांच्या ऱ्हासामुळे पुढे आला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. घट नेमकी केव्हा सुरू झाली हे सांगणे कठीण असले, तरी ती १९९० च्या दशकाच्या मध्यास लक्षात आली असावी. आरंभी काही अभ्यासकांनी संसर्गजन्य रोगाचा तर्क मांडला होता. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक डायक्लोफिनॅक, गिधाडांच्या मूत्रपिंडाचा बिघाड आणि अवयवांवर साचणारे युरिक आम्ल यांचा संबंध उघड झाला; आज हेच मत अधिक ग्राह्य ठरते. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, परंतु माणसांसाठीच्या ३० मिलीच्या शिश्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या. २०१५ मध्ये इंजेक्शनचे आवेष्टन एका मात्रेपुरते, म्हणजे ३ मिलीपर्यंत मर्यादित झाले. उरलेल्या औषधाची अडचण शिशीच्या आकारातूनच वाढते, हे येथे स्पष्ट दिसते. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक या वेदनाशामकांनाही जनावरांसाठी बंदी झाली. घोड्याच्या पोटशूळात दिल्या जाणाऱ्या फ्लुनिक्सिनने गिधाड मेल्याची नोंद स्पेनमध्ये आहे. गडचिरोलीसारख्या, गिधाडांची नोंद असलेल्या जिल्ह्यात या बाबीला विशेष महत्त्व आहे. मेलोक्झिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित मानले जाते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीत, तर सुया न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या घरगुती औषधांना घातक कचरा ठरवले, पण ते नियम मुख्यतः नागरी क्षेत्रांसाठी होते.

खेड्यातील पशुपालकाने औषध मूळ वेष्टनात, कुलूपबंद ठेवून जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात विचारून तेथे द्यावे. उकिरड्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ते टाकू नये. जंतावरील आयव्हरमेक्टिन मासे व जलकीटकांना विषारी आहे. त्याची अर्धवट वापरलेली पिचकारी कुत्र्यांच्या तोंडी लागेल अशी ठेवू नये. जुन्या कोठ्यात डायक्लोफिनॅकची मोठी शिशी सापडल्यास ती झाकण न उघडता पशुवैद्याकडे सोपवावी.