उत्तर समुद्रातील रशियन व जपानी समन्वेषण

ओखोट्स्कचा समुद्र, कुरील बेटांची माळ आणि साखालिन या प्रदेशाचा शोध रशिया व जपान यांनी सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन विरुद्ध टोकांकडून घेतला. रशियन उत्तरेकडून, कामचाटका द्वीपकल्पामार्गे खाली आले; जपानी दक्षिणेकडून, एझोमार्गे (सध्याचे होक्काइदो) वर गेले. हा प्रदेश निर्मनुष्य नव्हता. आयनू, निव्ख आदी लोक तेथे पिढ्यानपिढ्या मासेमारी, शिकार व व्यापार करीत होते आणि दोन्ही देशांच्या प्रवाशांना वाट दाखविणारे बहुधा तेच होते. त्यामुळे ‘शोध’ हा शब्द येथे मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो.

रशियनांना पूर्वेकडे ओढले ते फरने. इव्हान मोस्कव्हितिनची तुकडी १६३९ मध्ये ओखोट्स्कच्या किनाऱ्यावर पोहोचली आणि सेम्यॉन देझन्योव्हने १६४८ मध्ये आशियाच्या ईशान्य टोकाला वळसा घातला. स्थानिकांकडून ‘यासाक’ म्हणजे फरच्या रूपातील खंडणी वसूल करीत कोसॅक (रशियाच्या सीमाभागातील लढवय्ये) १७११ मध्ये कुरीलमधील शुमशू बेटावर उतरले. पुढे व्हिटुस बेरिंगच्या दोन मोहिमांनी (१७२५–३० व १७३३–४३) या धाडसाला सरकारी व शास्त्रीय रूप दिले. दुसऱ्या मोहिमेतून वाचलेले खलाशी समुद्री ऊदमांजरांची कातडी घेऊन परतले आणि व्यापाऱ्यांची बेटांकडे रीघ लागली.

जपानची प्रेरणा निराळी होती. एझोतील आयनूंशी व्यापाराचा मक्ता जपानचा सत्ताधीश (शोगुन) तोकुगावा इएयासूने १६०४ मध्ये मात्सुमाए घराण्याला दिला होता. हेरिंग मासा, कोंबू हे समुद्रशेवाळ आणि चीनला नागासाकीमार्गे जाणारी सुकविलेली समुद्रकाकडी यांवर या घराण्याचा डोलारा उभा होता. मक्ता टिकवायचा तर माहिती बाहेर जाऊ न देणेच सोयीचे होते. शिवाय १६३० च्या दशकापासून जपानी प्रजेला परदेशगमनाची बंदी होती आणि व्यापारी गलबतेही किनाऱ्यालगत चालण्याजोगीच असत.

याच गलबतांतून वाहत गेलेल्या खलाशांनी दोन्ही देशांची पहिली ओळख करून दिली. ओसाकाचा देन्बेई कामचाटकात व्लादिमीर अत्लासोव्हला सापडला आणि १७०२ मध्ये त्याची पीटर द ग्रेटशी भेट झाली. पुढे सेंट पीटर्झबर्गमध्ये जपानी शिकविण्याची सोय करण्यात आली. बेरिंगचा सहकारी मार्टिन श्पानबर्ग १७३९ मध्ये होन्शूच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या खलाशांनी दिलेली नाणी जपानी अधिकाऱ्यांनी नागासाकीतील डचांना दाखविली, तेव्हा पाहुणे रशियन असल्याचा उलगडा झाला. इकडे रशियात मात्र श्पानबर्ग जपानला नव्हे, कोरियाला जाऊन आला असावा असा संशय घेतला गेला. रेखांश अचूक मोजता येत नसलेल्या काळात असा संशय अगदीच अवाजवी म्हणता येत नाही.

रशियाची खरी अडचण रसदीची होती. लोखंड, दोर, शिडाचे कापड असे सारे सायबीरियातील याकुत्स्कहून घोड्यांच्या पाठीवर ओखोट्स्क बंदराला न्यावे लागे. जहाजांचे नांगर तुकड्यांत नेऊन तेथे सांधीत. जाड दोरखंडही कापून नेत आणि पुन्हा जोडीत. असा सांधलेला नांगर वादळात किती भरवशाचा, हे सांगायला नको. या खर्चाला पर्याय म्हणूनच रशियन नौदल अधिकारी इव्हान क्रूझेन्श्तेर्नने बाल्टिकमधून थेट समुद्रमार्गे येण्याची योजना मांडली व १८०३–०६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली.

रशियन जवळ आल्याची जाणीव एदोच्या (सध्याचे टोकिओ) जपानी सरकारला १७८० च्या दशकात झाली. जपानी समन्वेषक मोगामी तोकुनाई १७८६ मध्ये कुरीलमधील उरूप बेटापर्यंत पोहोचला. १७९८ मध्ये तो व कोन्दो जूझो यांनी उरूपच्या दक्षिणेकडील इतोरोफू बेटावर जपानी मालकीचा खांब रोवला. १७९९ मध्ये ताकादाया काहेई या नौकाव्यापाऱ्याने कुनाशिर व इतोरोफू यांच्यामधील प्रवाहांचे निरीक्षण करून गलबतांसाठी सुरक्षित मार्ग ठरविला. दरम्यान रशियन दूत आदाम लाक्समान १७९२ मध्ये दाइकोकुया कोदायू या वाहत गेलेल्या नाखव्याला परत घेऊन आला, तेव्हा त्याला नागासाकीत प्रवेशाचा परवाना मिळाला. त्याच परवान्याच्या आधारे १८०४ मध्ये आलेल्या रशियन दूत निकोलाय रेझानोव्हला मात्र काही महिने ताटकळत ठेवून नकार देण्यात आला. त्यानंतर त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यांनी १८०६–०७ मध्ये साखालिन व इतोरोफूवरील जपानी ठाणी लुटली. जपानच्या उत्तरेकडील सर्वेक्षणाला त्यानंतर आलेली निकड प्रामुख्याने याच धसक्यातून आली.

दोन्ही परंपरांतील फरक साखालिनच्या प्रश्नात स्पष्ट दिसतो. साखालिन बेट की द्वीपकल्प, हे यूरोपीय नकाशांत अनिश्चित होते. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ (१७८७) व ब्रिटिश दर्यावर्दी ब्रॉटन (१७९७) दक्षिणेकडून आले आणि उथळ पाण्यामुळे परतले. क्रूझेन्श्तेर्न १८०५ मध्ये उत्तरेकडून आला, अमूर नदीच्या मुखाजवळ त्याला गोडे पाणी लागले आणि पुढे वाट नाही असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्याजवळ उत्तम उपकरणे होती. पण त्याचे मोठे जहाज वाळूच्या बांधांतून जाणे शक्य नव्हते. जपानी सर्वेक्षक मामिया रिन्झोने १८०८ मध्ये मात्सुदा देन्जूरोबरोबर हा किनारा पालथा घातला. दुसऱ्या वर्षी तो निव्ख लोकांच्या होडीतून, त्यांच्याच व्यापारी फेरीत सामील होऊन, सामुद्रधुनी ओलांडून अमूरकाठच्या देरेन येथील चिनी ठाण्यापर्यंत गेला. सर्वांत अरुंद जागी ही सामुद्रधुनी सुमारे ७ किमी. रुंद आहे.

साखालिन हे बेट असल्याचा हा शोध जपानी दफ्तरांतच राहिला आणि जर्मन वैद्य फिलिप फोन झीबोल्टच्या लेखनातून १८३० च्या दशकात यूरोपला कळला. तरीही रशियन नौदल अधिकारी गेन्नादी नेव्हेल्स्कॉयला १८४९ मध्ये तो स्वतंत्रपणे करावा लागला आणि त्यानेही अखेरच्या टप्प्यात जहाज मागे ठेवून वल्ह्यांच्या होड्याच वापरल्या. क्रिमियन युद्धात, १८५५ मध्ये, रशियन जहाजे याच वाटेने निसटली. त्यांचा पाठलाग करणारे ब्रिटिश तिला अद्याप बंद आखातच समजत होते.

त्याच वर्षीच्या शिमोदा तहाने इतोरोफू व उरूप यांच्यामधून सीमा आखली. साखालिन अविभाजित राहिले. १८७५ च्या तहाने साखालिन रशियाकडे व सर्व कुरील बेटे जपानकडे गेली. या वाटाघाटींत आयनूंना स्थान नव्हते. उत्तर कुरीलमधील आयनूंना जपानने १८८४ मध्ये शिकोतान बेटावर हलविले.