चामड्याची शिलाई

चामड्याची शिलाई : कमावलेल्या कातड्याचे तुकडे दोरा, तात किंवा कातडी वादी यांनी एकमेकांस जोडण्याची क्रिया. पादत्राणे, खोगीर व घोड्याचा साज, पखाल, मोट, पट्टे, पिशव्या, पाकिटे अशा वस्तूंसाठी ती वापरली जाते. धंदेवाईक कारागिरांखेरीज आता छंद म्हणून चर्मकाम करणारेही ती शिकतात. कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते आणि ती निघून गेल्यावर धागे पुन्हा सरकून जागा भरतात. चामड्यात मात्र तंतूंचे जाळेच छेदले जाते व पडलेले भोक कायम राहते. अवजारांचे आकार, टाक्याची लांबी, यंत्राची सुई आणि दुरुस्तीच्या मर्यादा या सर्वांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

प्राचीनता : आर्मेनियातील आरेनी-१ गुहेत मिळालेला, एकाच कातड्याचा व वादीने आवळलेला बूट साधारणपणे इ.स.पू. ३५०० च्या आसपासचा मानतात. हाडांच्या टोचण्या याहून पुष्कळ जुन्या असल्या, तरी त्यांतील प्रत्येक कातड्यासाठीच वापरली गेली असे म्हणता येत नाही. ऋग्वेदात (८.५.३८) आलेला ‘चर्मम्न’ हा उल्लेख कातडी कमावणाऱ्याचा असावा, असे बहुतेक अभ्यासक समजतात. शिवणकामाविषयी त्यातून काही कळत नाही.

हातशिलाई : कातडे कापण्या-तासण्यासाठी रापी, भोक पाडण्यासाठी आरी, ठोकण्यासाठी हातोडी व ऐरण आणि पादत्राणाला आकार देण्यासाठी कलबूत किंवा फरमा ही परंपरागत हत्यारे सर्वपरिचित आहेत. कोल्हापुरी चपलेत तळाचे थर खिळ्यांऐवजी शिलाईने जोडतात. २०१९ मध्ये या चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर या आठ जिल्ह्यांचे सामाईक आहे.

हौशी कारागिरांत प्रचलित असलेला सॅडल टाका युरोपीय साजकामातून आला. त्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बोथट सुया ओवतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई नेतात. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट दोरा लागतो. जाड चामड्याला त्याहून थोडा अधिक. भोके आधी दात्यांच्या छिन्नीने समान अंतरावर आखतात. तीन ते चार मिलिमीटरचे अंतर पाकिटाच्या कामाला पुरते. आखल्यावर चौकटाच्या पत्त्यासारखा छेद असलेल्या आरीने ती पार करतात. हा छेद शिवणीच्या रेषेत उभा न ठेवता तिरपा धरतात. तसे केल्याने दोन भोकांमध्ये अधिक चामडे शिल्लक राहते आणि टाकाही तिरपा बसतो. सुया घालण्याचा क्रम मध्येच बदलला, की मागच्या बाजूची तिरपी रेषा मोडते. नवख्याच्या कामाची ही खूण लपत नाही.

शिवणयंत्राचा उगम : शिवणयंत्राचा इतिहास कापडाच्या अंगाने सांगण्याची प्रथा आहे. तथापि यंत्राचे सर्वांत जुने तपशीलवार आराखडे चामड्याच्या कामाशी निगडित आहेत. लंडनमधील टॉमस सेंट या लाकूडकाम करणाऱ्याने १७ जुलै १७९० रोजी घेतलेल्या पेटंटात बूट-जोड्यांसाठीची रोगणे व चिकटद्रव्ये यांच्या जोडीला शिवण्याचे यंत्रही वर्णिले होते. आडवी पाटी, वरून येणारा दांडा, उभी सुई आणि माल पुढे सरकवणारी योजना असे पुढील काळात रूढ झालेले भाग त्यात दिसतात. टाका एकेरी दोऱ्याचा साखळी टाका होता. आधी एक आरी भोक पाडी आणि मग टोकाला खाच असलेली सुई दोरा खाली ढकली. भोक पाडणे व दोरा नेणे ही कामे सेंटने वेगळी ठेवली, यावरून त्याच्यासमोर चामडेच होते हे स्पष्ट होते.

हे पेटंट चर्मोपयोगी पदार्थांच्या वर्गात नोंदले गेल्यामुळे जवळजवळ ऐंशी वर्षे अज्ञात राहिले. १८७३-७४ च्या सुमारास न्यूटन विल्सन या इंग्रज शिवणयंत्र उत्पादकाला ते सापडले. त्याने आराखड्यावरून प्रतिकृती करविली. ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. ती चालावी म्हणून मूळ रचनेत काही फेरफार करावे लागले. सेंटने प्रत्यक्ष यंत्र बांधले होते काय, हा वाद येथूनच सुरू होतो. आराखड्यातील बारकावे पाहून काहीजण तसे मानतात. परंतु समकालीन यंत्र वा त्याच्या वापराची नोंद मिळालेली नाही. आराखडा जसाच्या तसा चालत नव्हता ही गोष्टही त्या मताच्या विरुद्ध जाते. त्यामुळे सेंटला कल्पनेचा जनक म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. त्याआधी १७५५ मध्ये चार्ल्स वीझेन्टाल याने दुटोकी सुईचे पेटंट घेतले होते, पण त्यात पूर्ण यंत्राचे वर्णन नाही.

पुढील इतिहास सुपरिचित आहे. एलियस होवचे पेटंट १८४६ चे व आयझॅक सिंगरचे १८५१ चे. चर्मोद्योगाच्या दृष्टीने लायमन ब्लेक याचे बुटाचा तळ शिवणारे यंत्र (१८५८) अधिक महत्त्वाचे होय. गॉर्डन मॅके याने त्याचे हक्क विकत घेऊन त्याचा प्रसार केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुडइयर वेल्टची, म्हणजे बुटाचा वरचा भाग व तळ कातडी पट्टीच्या (वेल्टच्या) साहाय्याने शिवणारी यंत्रे आली.

यंत्राची निवड : घरगुती शिवणयंत्रावर सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या मऊ चामड्याचे दोन थर बहुधा शिवले जातात. त्यापुढे अडचण सुईच्या बळापेक्षा माल सरकण्याची असते. खालचे दाते खालचा थर पुढे नेतात, वरचा थर प्रेसर फूटला (माल वरून दाबून धरणाऱ्या भागाला) चिकटून मागे राहतो. टेफ्लॉनचा किंवा चाकाचा फूट लावल्याने हे काही अंशी टळते. खरा उपाय सुई, फूट आणि दाते एकत्र चालणारे, म्हणजे कंपाउंड फीडचे यंत्र हा आहे. बाजारात अशा यंत्रांना सरसकट ‘वॉकिंग फूट’ म्हणतात. पण नुसता फूट चालणे आणि सुईनेही माल ओढणे यांत फरक आहे. खरेदीपूर्वी चाक हाताने फिरवून सुई पुढे-मागे हलते की नाही हे पाहावे. पिशव्यांसारख्या गोलाकार कामास सिलिंडर आर्मचे, म्हणजे सपाट पाटीऐवजी नळीसारखा दांडा असलेले यंत्र सोयीचे.

सिंगर २९ या जातीच्या, मोच्यांच्या दुरुस्ती-यंत्राबद्दल हौशी मंडळींत फार आकर्षण आढळते. त्यात फूटच माल सरकवतो व तो सर्व दिशांना फिरतो, त्यामुळे बुटाच्या आतल्या भागापर्यंत टाका घालता येतो. मात्र जुन्या प्रकारांचे बॉबिन (खालच्या दोऱ्याचे रीळ) लहान असते, जाड दोरा त्यात थोडाच मावतो आणि लांब सरळ शिवण एकसारखी येत नाही. ते ठिगळाचे यंत्र आहे. पट्टे शिवण्यासाठी ते घेणे अनाठायी. कोणत्याही यंत्राची मोटार सर्व्हो प्रकारची, म्हणजे वेग हवा तसा कमी करता येणारी असावी. जुन्या क्लच मोटारीवर एकेक टाका सावकाश घालणे सरावाशिवाय जमत नाही.

यंत्राचा लॉकस्टिच दोन दोऱ्यांचा असतो व त्यांची गाठ थरांच्या मध्यभागी पडावी लागते. वरचा ताण जास्त झाल्यास खालचा दोरा वर दिसतो. एक दोरा तुटला तर लॉकस्टिच सॅडल टाक्यापेक्षा लवकर उसवतो, हे खरे. परंतु हातशिलाई दर वेळी अधिक टिकाऊच असते, हा समज दोऱ्याची जाडी आणि टाक्याचे अंतर लक्षात न घेता पसरलेला दिसतो.

सुई व दोरा : चामड्याच्या सुईचे टोक पात्यासारखे धारदार असते. जाडीचा मेट्रिक क्रमांक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे ११० क्रमांकाची सुई १.१ मिलिमीटर जाड. दोऱ्याचा टेक्स म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन. भारतात रिळावर पुष्कळदा टिकिट क्रमांक असतो व तो उलटा चालतो. ३,००० ला टेक्सने भागल्यास तो येतो, त्यामुळे ४० टिकिटाचा दोरा सुमारे ७५ टेक्सचा आणि २० टिकिटाचा त्याच्या दुप्पट टेक्सचा. ७० टेक्सच्या बाँडेड (पदर लेपाने एकत्र बांधलेल्या) नायलॉनला १०० ते ११० ची, तर १३५ टेक्सला १२५ ते १४० ची सुई साधारणपणे जुळते. टाका फार आखूड केल्यास चामडे तिकिटाच्या कागदासारखे त्या रेषेवर फाटते. शिवण उसवून पुन्हा घालायची तर जुन्याच भोकांतून, चाक हाताने फिरवून. टाचण्या लावू नयेत. क्लिपा किंवा चिकटद्रव्य वापरावे.

निगा : चामडे कशाने कमावले यावर निगा अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकबांधणीचे चामडे लाल भुकटी होऊन झडू लागल्याने लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीचा अहवाल १९०५ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात तरवडाच्या सालीतल्यासारख्या कॅटेचॉल गटातील टॅनिनांनी (कातडे कमावणाऱ्या तुरट द्रव्यांनी) कमावलेले चामडे अल्पायुषी ठरले. हिरड्याचे टॅनिन दुसऱ्या, पायरोगॅलॉल गटातील आहे आणि हवेतील गंधकाम्लासमोर तो गट अधिक टिकतो. तेल-मेणाने ही झीज थांबते असा पूर्वी समज होता. अलीकडचे संग्रहालय-संरक्षक तो मानत नाहीत, व त्यांचेच म्हणणे ग्राह्य वाटते. वापरातल्या पट्ट्याला किंवा साजाला लवचिकपणासाठी थोडे तेल लागते, हा प्रश्न निराळा.

गुरांच्या नडग्यांच्या हाडांपासून व पायांपासून (खुरांपासून नव्हे) काढलेले नीट्सफूट तेल यासाठी प्रचलित आहे. जवसाचे तेल हवेत घट्ट होते, म्हणून टाळावे. खोबरेल घरोघरी असते, पण थंडीत ते गोठते. वनस्पतिजन्य टॅनिनांनी कमावलेल्या चामड्याला ओलेपणी लोखंड लागले, तर काळा डाग पडतो. सिरक्यात लोखंडाचा कीस मुरवून केलेला काळा रंग याच क्रियेवर आधारलेला आहे. पितळी रिव्हेटांभोवती येणारा हिरवा थर तांबे व चामड्यातील स्निग्धांश यांचा असतो आणि कोरड्या फडक्याने निघतो. कोकणातील पावसाळ्यात वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. भिजल्यास सावलीत वाळवावी. पृष्ठभागावर आलेला पांढुरका थर बुरशीच असेल असे नाही, तो चामड्यातून बाहेर आलेला स्निग्धांशही असू शकतो. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब दिल्यावर स्निग्धांश विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते.