रेघ प्रेसची की टाकीची?

भोसरी-चाकण भागात ॲल्युमिनियम सेक्शनच्या धंद्यात असलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त वाजतं कशावरून. दरावरून नाही, उधारीवरूनही नाही. ॲनोडायझिंग (ॲसिडच्या टाकीत वीज सोडून धातूवर संरक्षक थर आणणं) होऊन आलेल्या सेक्शनवर जी रेघ दिसते, तिच्यावरून. तापलेलं ॲल्युमिनियम साच्यातून दाबून सेक्शन काढणारा प्रेसवाला म्हणतो, "माझ्याकडून माल स्वच्छ गेला होता, तुमच्या टाकीने घाण केला." ॲनोडायझिंग करणारा टाकीवाला म्हणतो, "माझी टाकी काय पट्टी घेऊन रेघा मारते का?" मधे खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर डेबिट नोट (नुकसान वसुलीचा कागद) कुणाच्या नावाने फाडू म्हणून उभा, आणि तिकडे वाकडला साइट अडलेली.

गंमत म्हणजे या भांडणात बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. प्रेसमधून निघताना माल खरंच स्वच्छ दिसतो. आणि ॲनोडायझिंग म्हणजे रंगाचा थर नव्हे, हे दोघांपैकी कुणीच नीट शिकलेलं नसतं. पावडर कोटिंगमध्ये साठ-ऐंशी मायक्रॉनची अपारदर्शक पावडर धातूवर भाजली जाते, खालचं बरंच काही तिच्या पोटात खपतं. ॲनोडायझिंगमध्ये धातूच्या पृष्ठभागाचाच ऑक्साइड होतो. थराचा साधारण दोन-तृतीयांश भाग मूळ धातूच्या आत वाढतो, एक-तृतीयांश बाहेर. खिडकीच्या कामाला १५ मायक्रॉन धरले, तर तो सगळा थर पारदर्शक. शिवाय त्याआधी कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत सेक्शनची वरची चकाकी खाऊन काढलेली असते, यालाच एचिंग म्हणतात. म्हणजे आधी घरावरचा चुना खरवडायचा आणि मग भिंतीला काच लावायची. भिंतीत भेग असेल तर ती आता दिसणारच.

म्हणून प्रश्न 'रेघ कुठे दिसली' हा नाही. ती कुठे जन्मली हा आहे. हे ओळखता येतं, आणि त्यासाठी दर वेळी प्रयोगशाळेत धावावं लागत नाही.

प्रेसकडून सुरुवात करू, कारण तिकडचे दोष जास्त फसवे असतात. ६०६३ या मिश्रधातूचा (जुन्या लोकांच्या तोंडी अजून एचई ९) बिलेट, म्हणजे गोल ठोकळा, साधारण ४५० अंशांपर्यंत तापवून डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, दाबला जातो. बाहेर पडताना सेक्शन पाचशेच्या वर गेलेला असावा लागतो, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन ॲल्युमिनियममध्ये विरघळलेले राहतात. मग पंख्याखाली पटकन थंड करायचा, स्ट्रेचरवर ताणून सरळ करायचा आणि १८० अंशांच्या आसपास काही तास एजिंग, म्हणजे भट्टीत ठेवून कडक करणं. यातल्या प्रत्येक पायरीची सही सेक्शनवर राहते.

सगळ्यात ओळखीची सही म्हणजे डाय लाइन. डायच्या बेअरिंगवर (धातू जिथे घासून बाहेर पडतो त्या कडेवर) ॲल्युमिनियमचा कण चिकटला किंवा बेअरिंग झिजलं की सेक्शनच्या लांबीभर ओरखडा उमटतो. नख आडवं फिरवलं की अडकतं. ही रेघ लपवून पाठवणं अवघड, म्हणून हिच्यावरून भांडणही कमी. उलट कॉस्टिकमध्ये थोडा जास्त वेळ ठेवून मॅट फिनिश दिला, तर बारीक डाय लाइन बुजूनही जाते.

खरं डोकं खातो तो स्ट्रक्चरल पट्टा. स्लायडिंगच्या ट्रॅकचा सेक्शन हातात घ्या. मागच्या बाजूला स्क्रू जायला गोल घर असतं. आता पुढची सपाट बाजू उजेडाला तिरकी धरा. त्या घराच्या बरोबर पाठीमागे, तेवढ्याच रुंदीचा, किंचित गडद किंवा किंचित फिका पट्टा दिसेल. नख फिरवा, काही लागत नाही. तिथे धातू जाड होता, डायमधून वेगळ्या पद्धतीने वाहिला, कण वेगळे बसले, आणि कॉस्टिकने ते कण शेजारच्यांपेक्षा वेगळ्या वेगाने खाल्ले. प्रेसवर हा पट्टा दिसतच नाही, म्हणून प्रेसवाला शपथ घेऊन सांगतो की माझ्याकडे नव्हता. आणि टाकीवाला नेहमीच्या सवयीने तो घालवायला एचिंग वाढवतो, तर हा बुजण्याऐवजी आणखी उठतो. डाय लाइनवरचं औषध या पट्ट्यावर उलटं पडतं. दोन्ही रेघा लांबीच्याच असल्या तरी त्यांना एका पारड्यात टाकू नये, ते एवढ्यासाठी.

पोकळ सेक्शनमध्ये यात भर पडते जोडरेघेची. चौकोनी पाइप काढायचा तर आतला गाभा धरून ठेवणाऱ्या डायच्या पुलांभोवती धातू फाटतो आणि आतल्या कोठीत परत जुळतो. जितके पुलाचे पाय, तितके जोड. त्यामुळे पाइपवर रेघा दिसल्या की डायचं ड्रॉइंग मागवायचं आणि पायांची जागा जुळवायची. जुळली, तर पुढची चर्चा टाकीवाल्याशी करण्यात अर्थ नाही.

आणि मग ते काळपट ठिपके, जे मला व्यक्तिशः फार आवडतात, कारण त्यांचा गुन्हा टेपने सिद्ध होतो. गरम सेक्शन डायमधून निघून प्रेससमोरच्या लांब टेबलवर, म्हणजे रनआउट टेबलवर, येतो. टेबलच्या ग्राफाइटच्या पट्ट्यांवर तो जिथे टेकून थांबला, तिथे थंड होण्याचा वेग बदलतो आणि मॅग्नेशियम-सिलिकॉनचे जाड कण तयार होतात. डोळ्याला काही कळत नाही. एचिंग झालं की त्या जागा काळवंडतात. ठिपक्यांमधलं अंतर मोजा, प्रेसवर जाऊन टेबलच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजा. एकच आकडा आला, तर तिथे वाद संपतो. टाकीत इतक्या शिस्तीने सारख्या अंतरावर काही घडत नाही.

बिलेट भंगारातून वितळवलेला असेल तर आणखी एक प्रकार दिसतो. जस्ताचं प्रमाण थोडं जरी वाढलं, तरी कॉस्टिकमध्ये एकेक कण सुटा चमकू लागतो आणि सेक्शन पत्र्याच्या जीआय बादलीसारखा दिसतो. इथे मात्र टाकीही साथीदार असू शकते, कारण कॉस्टिकमध्ये जस्त साठत गेलं की हाच परिणाम वाढतो.

टाकीचे स्वतःचे दोष वेगळ्या वळणाचे असतात. प्रेसच्या दोषाला दाबाची दिशा असते, टाकीच्या दोषाला पाणी आणि वीज यांची. कॉस्टिकमधून जिग (सेक्शन टांगायची चौकट) उचलला, क्रेन मधेच थांबली, हेल्पर चहाला गेला: गरम सेक्शनवर कॉस्टिक वाळतं आणि ओघळ उमटतात. आपल्याकडे सेक्शन बहुतेक आडवे टांगले जातात, त्यामुळे ओघळ सेक्शनच्या रुंदीत, वरून खाली येतात. लांबीत नाही. जिगला सेक्शन सैल बांधला असेल तर करंट नीट पोचत नाही, थर पातळ बसतो, आणि ब्रॉन्झ किंवा शॅम्पेन रंग दिला की एक नग फिका, शेजारचा गडद निघतो. करंट एका जागी एकवटला तर तिथे जळकट, भुकटीसारखा डाग. ॲसिडच्या टाकीचं तापमान २० अंशांच्या आसपास राखायचं असतं. मे महिन्यात चिलर थकला आणि टाकी पंचविशीच्या पुढे गेली, की ॲसिड थर बनतानाच त्याला खाऊ लागतं. मग थर मऊ, खडूसारखा होतो, बोट पुसलं तर पांढरं येतं. पोकळ सेक्शनच्या आत हवा अडकली, तर तेवढा भाग कोराच राहतो.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीला पवनेचं पाणी येतं, तोवर ठीक. उन्हाळ्यात बोअरचं पाणी धुण्याच्या टाकीत गेलं, की क्षार आणि क्लोराइड वाढतात, आणि बारीक खड्डे पडायला लागतात. त्यात गुरुवारची सुट्टी. बुधवारी रात्री पाळी आटोपताना एखादा जिग धुण्याच्या टाकीत तसाच लटकत राहिला, तर शुक्रवारी सकाळी त्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतात. असा माल डायच्या माथी मारताना मी लोकांना पाहिलंय, आणि ते शुद्ध खोटं असतं.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून तपासायचं कसं? माझा क्रम ठरलेला आहे. आधी दिशा बघतो: लांबीत की रुंदीत. पण इथे एक सापळा आहे. दोन बिलेटच्या मधे प्रेस थांबतो, तेव्हा सेक्शनवर आडवी कडी उमटते. ती आडवी असूनही प्रेसचीच, आणि ती सेक्शनच्या चारही बाजूंनी सलग फिरते. ओघळ तसा फिरत नाही, तो जिथे पाणी उतरलं तिथेच असतो. मग बघतो पुनरावृत्ती. एकाच डायच्या सगळ्या नगांवर त्याच जागी दोष असेल, तर बोट प्रेसकडे. एका जिगवर आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर टाकीकडे. इथपर्यंत पैसा लागत नाही.

तिसरी पायरी थराची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर. पट्ट्यावर मोजा, पट्ट्याच्या बाजूला मोजा. दोन्हीकडे १५ च्या आसपास असेल, तर ॲनोडायझिंगने आपलं काम सारखं केलंय आणि फरक खालच्या धातूत आहे. पट्ट्यावर १५ आणि बाजूला ८ आले, तर जिग आणि करंट तपासा. हे मीटर बहुतेक टाकीवाल्यांकडे असतं, पण ते फक्त गिऱ्हाइकाला आकडा दाखवायला कपाटातून निघतं. त्याचा खरा उपयोग या भांडणात आहे.

तरीही अडलं, तर नगाचा थर उतरवून पुन्हा ॲनोडाइझ करायचा. दोष त्याच जागी परत आला तर तो धातूतला. जागा बदलली किंवा गेला तर टाकीतला. ओघळ मात्र खोल खाल्ला गेला असेल तर तोही परत दिसतो, म्हणून ही चाचणी एकटी पुरेशी धरू नये. पोकळ सेक्शनसाठी आडवा काप घेऊन तो घासायचा आणि कॉस्टिकमध्ये बुडवायचा. जोडरेघा आणि बिलेटच्या शेपटाकडून (शेवटच्या भागाकडून) आत शिरलेली त्याची बाहेरची मळकट साल कापावर स्वच्छ उघडी पडते.

या दोघांखेरीज तिसरा आरोपीही असतो, आणि तो कधीच पकडला जात नाही: टेम्पो. जुलैमध्ये ताडपत्री गळकी, सेक्शनच्या मधे कागद घातलेला, कागदाने पाणी धरून ठेवलेलं. दोन-तीन दिवसांत तिथे डाग धरतो. एचिंगनंतर तो नकाशासारखा वेडावाकडा उठतो. त्याला प्रेसची दिशा नसते, पाण्याच्या ओघळाचीही नसते.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रोप्लेटर होऊन आलेल्या मुलाला टाकीचं रसायन बऱ्यापैकी येतं, प्रेसवर वाढलेल्या मुलाला डायचा स्वभाव कळतो, पण एकमेकांचं दार दोघांनीही पाहिलेलं नसतं. पुस्तकातून दोन्ही प्रक्रिया शिकवून हे भरून निघत नाही. प्रेसच्या पोराला एचिंगच्या टाकीपाशी उभं करा, त्यानेच काढलेला सेक्शन त्याच्यासमोर बुडवा आणि पट्टा उठताना बघू द्या. टाकीच्या पोराला रनआउट टेबलपाशी न्या. वर्गाच्या भिंतीवर खराब नगांचा फळा लावा, प्रत्येकाशेजारी त्याचा आडवा काप आणि मायक्रॉनचे आकडे. चांगल्या मालाचे नमुने शोरूममध्ये ठेवा, शिकायला ते बिनकामाचे.

आणि चलानवर डाय नंबर, बिलेटचा हीट नंबर (कुठल्या ओतणीचा ते) लिहायला शिकवा. सेक्शनचं कोणतं टोक डायमधून आधी निघालं, याची खूण पंचने ठोकायला शिकवा. मार्करने लिहिलेलं कॉस्टिकमध्ये धुऊन जातं, आणि टोकच माहीत नसेल तर शेपटाकडचा दोष सिद्ध करता येत नाही.

काही प्रकरणांत दोघंही दोषी निघतात: पट्टा धातूत होता, पण टाकीने एचिंग वाढवून तो उठवला. अशा वेळी भोसरीत डेबिट निम्मी-निम्मी करून चहा पितात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा लॉट सुरू होण्याआधी त्याच डायचे दोन तुकडे नेहमीच्या एचिंगने ॲनोडाइझ करून तिघांनी सही करून ठेवावेत. मग डिलिव्हरीचा माल त्या तुकड्याशेजारी धरला की पट्टा मूळचा किती आणि टाकीने वाढवलेला किती, हे उजेडात दिसतं, आणि डेबिट त्या हिशोबाने फाडता येते.