गॅस्केट पुन्हा पुन्हा का उडतं?

तिसऱ्या वेळी हेड गॅस्केट उडालं ते ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात. जुलैची संध्याकाळ, पुढे-मागे कंटेनर, पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकणारी रांग. एरवी मध्यावर ठाम बसलेला तापमानाचा काटा दोन मिनिटांत लाल पट्टीला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा शेजारच्या रिक्षातले दादा ओरडले, "ताई, बंद करा, आधी बंद करा!" गाडी आम्ही जुनी घेतलेली, अकरा वर्षांची. दीड वर्षात दोनदा गॅस्केट बदललं होतं आणि दोन्ही वेळा गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकलं होतं: "गॅस्केट गेलंय, नवीन टाकतो, टेन्शन नाही."

गाडी टोचन करून वागळे इस्टेटला आणली. तिथल्या एका मशीन शॉपमध्ये इंजिनच्या हेडांना फेस मारण्यात, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करण्यात, उभं आयुष्य गेलेले एक काका आहेत. त्यांनी फाटलेलं गॅस्केट उजेडात धरलं आणि विचारलं, "ताई, हे का गेलं, ते बघितलं का कुणी?" कुणीच बघितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. गॅस्केट हा रोग नाही, ते लक्षण आहे, हे त्या दिवशी उमगायला लागलं.

इंजिनचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वर-खाली होतात. वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह बसवलेले असतात. दोघांच्या मधे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं गॅस्केट. सिलिंडरमधली आग, इंजिन गार ठेवणारं पाणी आणि वंगणाचं तेल, हे तिन्ही त्याच सांध्यातून शेजारी शेजारी जातात आणि एकमेकांत मिसळता कामा नयेत. काम कुकरच्या रिंगेसारखंच आहे, पण कुकरमध्ये दाब वातावरणापेक्षा फार तर एक बार जास्त असतो. पेट्रोल इंजिनमध्ये मिश्रण पेटतं तेव्हा दाब ५० ते ८० बारपर्यंत जातो आणि आतल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअस ओलांडतं. ७० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये ६० बार दाब असेल, तर हेडला वर उचलू पाहणारं बल सुमारे २३०० किलो वजनाइतकं होतं. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना एकेका सिलिंडरमध्ये हा धक्का मिनिटाला हजार वेळा बसतो.

त्यात धातूंची भांडणं. आमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीहून थोडं जास्त प्रसरण पावतं. ४०० मिमी लांबीचं हेड ३० अंशांवरून १०० अंशांवर गेलं तर सुमारे ०.६५ मिमी वाढू पाहतं, खालचं बीड मात्र ०.३ मिमीच. हा फरक गॅस्केट रोज, प्रत्येक वेळी गाडी सुरू-बंद होताना सहन करतं. हल्लीची गॅस्केटं स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थरांची असतात, वर रबराचा बारीक लेप. सिलिंडरभोवती पत्र्याला उठवलेली कड असते, ती स्प्रिंगसारखी दबून राहते. नेहमीच्या तापमानात असं गॅस्केट वर्षानुवर्षं टिकतं.

बिघडतं ते गाडी तापल्यावर. पाणी कमी झालं किंवा त्यात हवा अडकली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा धातू उघडा पडतो. तव्यावर टाकलेला पाण्याचा थेंब कसा जळून न जाता नाचत राहतो? थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो आणि तोच उष्णता अडवतो. जर्मन डॉक्टर लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचं वर्णन केलं. अति तापलेल्या हेडमध्येही असंच घडतं: पाणी आहे, पण धातूला भिडत नाही. ती जागा आणखी तापते, पसरू पाहते, पण बोल्टांनी जखडलेली असल्याने पसरता येत नाही, म्हणून आतल्या आत दबते. गार झाल्यावर हेड मूळ आकारात येत नाही, किंचित कमानीसारखं वाकलेलं राहतं. शिवाय हेडचं ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. फार तापलं तर तो कडकपणा उतरतो आणि धातू मऊ पडतो.

हा वाक किती असला तर चालतो? बऱ्याच छोट्या गाड्यांच्या हेडला ०.०५ मिमीची मर्यादा असते. आपला केस साधारण त्याहून जाड. काकांनी हेडवर सरळ पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेजची, म्हणजे मोजलेल्या जाडीची पातळ, पाती सरकवून बघितली. मग, मला महत्त्वाचं वाटतं ते हे, पट्टी ब्लॉकवरही ठेवली. पहिल्या दोन्ही वेळा हेडला फेस मारला होता, पण ब्लॉककडे कुणी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर ०.१२ मिमीची पाती आरामात आत गेली. दोन्ही बाजूंना आग असलेली ही मधली भिंत इंजिनमधल्या सगळ्यात तापणाऱ्या जागांपैकी एक. तिन्ही गॅस्केटं तिथेच जळली होती. खाली खड्डा असताना वर कितीही सपाट हेड बसवलं, तरी तिथे दाब अपुराच पडणार.

काकांना आणखी दोन गोष्टी खटकल्या. एक, पृष्ठभाग कुणीतरी हाताने एमरी पेपर मारून साफ केला होता. जुन्या पद्धतीचं जाड, मऊ गॅस्केट असे ओरखडे पोटात घ्यायचं. स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला आरशाच्या जवळ जाणारा गुळगुळीतपणा लागतो. शिवाय एमरीचे कण तेलात जाऊन बेअरिंग खातात. दुसरी गोष्ट बोल्टांची. हेड बोल्ट घट्ट करणं म्हणजे तो ताणणं. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉकवर ओढून धरतो. टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. आट्यांत गंज किंवा कचरा असेल तर रेंचचा आकडा बरोबर दिसतो आणि पकड मात्र कमी बसते. म्हणूनच अनेक इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक अंशात फिरवायला सांगितलेलं असतं. हे बोल्ट मुद्दाम कायमचे ताणले जातील इतके घट्ट केले जातात, म्हणून ते एकदाच वापरायचे. आमचे दोन्ही वेळा तेच वापरले होते.

एवढ्याने प्रश्न सुटतो असं मला वाटलं, पण काका म्हणाले, "हे परत का गेलं त्याचं उत्तर झालं. पहिल्यांदा तापलीच का?"

त्यांनी रेडिएटर काढायला लावला आणि वरच्या तोंडातून पाणी ओतलं. खालून धोधो यायला हवं होतं, आली बारीक धार. खालच्या निम्म्या नळ्या चोक. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं असणार, आणि घोडबंदर पट्ट्यात कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर त्यात क्षार भरपूर. तापल्यावर ते पाण्यातून बाहेर पडून धातूवर बसतात. गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ना, तेच हे. या कवचातून उष्णता ॲल्युमिनियमच्या साधारण शंभराव्या हिश्शाने वाहते. भर म्हणून बीड, ॲल्युमिनियम आणि साधं पाणी एकत्र आले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि धातू झिजून लालसर गाळ साचतो.

"आपल्याकडे बर्फ पडतो का? कूलंट कशाला?" हे मी नातेवाइकांकडून किती वेळा ऐकलंय. खरं तर उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधक रसायनांसाठी आणि उकळणबिंदू वर नेण्यासाठी. ही रसायनं संपतात, मग कूलंटमधल्या ग्लायकॉलपासून आम्लं तयार होऊ लागतात, म्हणून ठरल्या मुदतीत ते बदलायचं, आणि पातळ करायचं तर डिस्टिल्ड पाण्यानेच. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका किंवा उघड्या डब्यात ठेवू नका; कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात.

मग दोन गॅरेजांच्या नजरेतून हे सुटलं कसं? त्याचं उत्तर दोन जुगाडांत होतं. गाडी घेतली तेव्हा रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केलेला होता, म्हणजे चावी फिरवली की सतत चालू. मला ती सोय वाटली होती. प्रत्यक्षात रेडिएटर कमी पडतोय हे त्याने झाकून ठेवलं होतं. पहिल्या दुरुस्तीत थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकला होता, "इथल्या गरमीत लागत नाही" म्हणून. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सकाळी बराच वेळ गारच राहतं, जास्त पेट्रोल पितं, लवकर झिजतं. काही रचनांत तर उघडा थर्मोस्टॅटच रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी गार न होताच परत इंजिनमध्ये जातं. काट्याचाही भरवसा नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मोठ्या पट्ट्यात मध्यावरच धरलेला असतो, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी पूर्ण गेलं आणि सेन्सर कोरडा पडला तर काटा उलट खालीही येतो.

गाडी कुठे तापते, यातही खूण दडलेली आहे. रांगेत उभं इंजिन एसीसह तासाला लिटरभर पेट्रोल जाळत असेल, तर पाण्यात साधारण ३ किलोवॉट उष्णता जाते, एका मोठ्या गिझरएवढी. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ताशी ८० किमीने ती पाचपट होते, पण तिथे समोरून वारा असतो. म्हणून माजिवड्याच्या सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होते ती गाडी फॅनकडे बोट दाखवते. वेगात तापते तिचा रेडिएटर किंवा वॉटर पंप बघावा. गायमुखच्या चढावर जोर पूर्ण लागतो आणि वारा नसतो, म्हणून कमकुवत गाड्या तिथेच उघड्या पडतात.

जुनी गाडी घ्यायची असेल तर ती सकाळी, पूर्ण गार असताना बघायला जा. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहा. गंजाचा रंग, तेलाचा तवंग, किंवा सुरू केल्यावर न थांबणारे बुडबुडे दिसले तर थांबा. इंजिन पाणी खात असेल, म्हणजे बाहेर कुठेही गळती नसताना पातळी उतरत असेल, तर ते सिलिंडरमध्ये जाऊन पांढऱ्या धुरातून बाहेर पडत असण्याची शक्यता मोठी. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात, पण पावसाळ्यात फक्त स्टेशनपर्यंत जाणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते. खात्रीची चाचणी वेगळी आहे. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ केली होती, आठवतंय? तसंच इथे रेडिएटरमधली हवा निळ्या द्रवातून ओढतात. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात आला की द्रव पिवळा होतो. इंजिन न उघडता पाच-दहा मिनिटांत निकाल मिळतो.

आणि रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली; हीटर म्हणजे तुमचा दुसरा छोटा रेडिएटर. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम इंजिनचं झाकण उघडू नका, हे मी हात जोडून सांगते. झाकणाच्या दाबामुळे आत पाणी १२० अंशांवरही द्रवरूप असतं. झाकण सुटताच दाब उतरतो आणि प्रत्येक लिटरमागे ६० लिटरच्या आसपास वाफ क्षणात तयार होते, तीही तोंडासमोर. गार पाणी ओतून घाई केली तर हेडला तडा जाऊ शकतो. पाऊणएक तास थांबा, नाहीतर टोचन बोलवा. तापलेली गाडी "घरापर्यंतच" चालवल्याने पाचशे रुपयांचा फॅन रिले पूर्ण इंजिनला पडतो. गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्लाही मिळेल. ती गळतीइतक्याच निष्ठेने बारीक नळ्याही बुजवते.

आमचं इंजिन पूर्ण खाली उतरवावं लागलं. ब्लॉक आणि हेड दोन्हींना मशीनवर फेस मारला, बोल्ट नवे, रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट परत बसवला, फॅनचं वायरिंग मूळ केलं आणि शेवटी सिस्टिममधली हवा काढली. या पावसाळ्यात गायमुख कितीतरी वेळा झालं. कूलंटच्या टाकीवर मार्करने मारलेली रेघ मी रोज सकाळी बघते. पाणी तिथेच आहे.

हेड आता तीनदा घासून झालंय. प्रत्येक वेळी धातू जातो, सिलिंडरमधली जागा लहान होते, दाब वाढतो आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकण्याचा, धोका वाढतो. "आता परत फेस मारता येणार नाही," काका म्हणाले. पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून त्यांनी हेडच्या कडेला पंचने बारीक आकडा ठोकून दिलाय: ०.२५.