सेकंडहँड गाडीचं स्टेअरिंग त्रास देतंय? गॅरेजला येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, जयसिंगपूर भागातून आमच्याकडे जुन्या गाड्या भरपूर येतात, कुणाची दहा वर्षांची, कुणाची पंधरा वर्षं पूर्ण होऊन पुन्हा पाच वर्षांचं पासिंग करून घेतलेली, आणि नवीन मालकाची पहिली तक्रार बऱ्याचदा स्टेअरिंगचीच असते. सोबत एक वाक्य ठरलेलं असतं, 'आधीचा मालक म्हणाला फक्त अलाइनमेंट करून घ्या, बाकी काही नाही.'

तर आधी त्याचंच बोलू. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मशीनवर बघून जागेवर आणणं. टाय रॉड (चाक वळवणारा दांडा), बॉल जॉइंट (चाक धरून ठेवणारा गोळ्याचा सांधा) किंवा लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश म्हणजे रबरी कडं ढिलं असेल तर मशीनवर आकडा बरोबर येईल, पण गाडी गेटबाहेर पहिल्या खड्ड्यात गेली की कोन परत हलणार. भिंतीतला खिळा सैल आहे आणि आपण फोटोच सरळ करत बसलोय, तसं होतं ते. म्हणून आम्ही आधी गाडी वर घेऊन खालचं सगळं हलवून बघतो आणि काही ढिलं सापडलं तर अलाइनमेंटचे पैसे घेत नाही, कारण ते पैसे वायाच जाणार असतात. टाय रॉड एन्ड बदलला असेल तर मात्र नंतर अलाइनमेंट करावंच लागतं, तिथे काटकसर केली तर नवीन टायर एका बाजूने खाऊन जातात.

आता तुमच्याकडून काय पाहिजे ते सांगतो. 'रॅक गेलाय वाटतं' (रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की आडवा सरकून चाकं वळवणारा दातांचा दांडा), 'पंप बदला' असलं निदान घरून करून आणू नका, यूट्यूब आम्हीपण बघतो. त्रास कधी होतो ते सांगा. किती स्पीडला, ब्रेक मारताना का नुसतं चालताना, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर का गाडी गरम झाल्यावर, गाडी उभी असताना का वळताना, पाऊस पडल्यापासून का टायर बदलल्यापासून. एवढं नीट सांगितलंत की निम्मं काम झालं.

उदाहरण देतो. ८० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं आणि स्पीड कमी केला की थांबतं, तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं, बॅलन्सिंगसाठी रिमला लावलेलं छोटं वजन कुठेतरी पडलेलं असतं किंवा रिमला आतून चिखल सुकून बसलेला असतो, आपल्याकडे उसाच्या सिझनमध्ये तर हे हमखास. पण तीच थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघायची, बॅलन्सिंग कितीही वेळा करा उपयोग नाही. आणि स्पीड अगदी कमी असताना, वीस-तीसला, स्टेअरिंग डावी-उजवीकडे डुलत असेल तर टायरवर हात फिरवून बघा, कुठे फुगवटा लागतोय का. लागला तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका, स्टेपनी लावा आणि या.

गाडी एका बाजूला खेचते ही दुसरी नेहमीची तक्रार. पहिलं काम हवा. चारही टायरची हवा थंड असताना चेक करा, किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोराला 'टाक पस्तीस' म्हणू नका. दुसरं म्हणजे आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून, त्यामुळे स्टेअरिंग सोडलं की गाडी हळूहळू डावीकडे सरकणं यात खराबी नाही. सपाट मोकळ्या जागेत बघा. तिथेही खेचत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून बघतात, खेचायची बाजू बदलली तर दोष टायरचा आणि नाही बदलली तर खालच्या पार्टचा किंवा अलाइनमेंटचा. फक्त टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर ही युक्ती करू नका. आणि हो, थोडं चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं जाणवतंय, हात जवळ नेला तरी धग लागते, तर ब्रेक अडकून बसतोय, स्टेअरिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

प्ले म्हणजे स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलतच नाही. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग बोटांनी हलकेच इकडेतिकडे करा आणि पुढचं चाक कधी हलतं ते खिडकीतून बघा, रॅकवाल्या छोट्या गाडीत स्टेअरिंगची कड साधारण ३० मिलीमीटर फिरायच्या आत चाक हललं पाहिजे, त्याच्या पुढे गेलं की कुठेतरी झीज आहे. कुठे ते शोधायला दोन माणसं लागतात, एक जण वर स्टेअरिंग हलवतो आणि दुसरा खाली एकेका जॉइंटला हात लावून बघतो, जिथे हाताला टक् लागतं तो पार्ट गेला. चाक जॅकवर उचलून डावी-उजवी बाजू धरून हलवलं आणि हललं तर बहुतेक टाय रॉड, वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे घरी करून बघायचं असेल तर बघा पण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली झोपू नका. कुणीही सांगू दे.

इथे रॅक टाइट करायचा विषय येतो, कारण लोक तेच मागतात. 'आवाज येतोय, रॅक टाइट करून द्या.' रॅकला खाली एक ॲडजस्टिंग नट असतो, तो थोडा आवळला की खडखड जाते हे खरं आहे. पण जुना रॅक मध्यभागी जास्त झिजलेला असतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, आणि कडेचे दात तसेच नव्यासारखे राहतात. मध्ये बरोबर बसेल इतका आवळला की वळताना कडेला जाम होतो, वळून झाल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि हे घाटातल्या वळणावर कळलं तर काय होईल तुम्हीच विचार करा. बऱ्याच छोट्या गाड्यांत आवाज रॅकच्या बुशमुळे येतो, नुसता बुश बदलून काम होतं, पूर्ण रॅक लागत नाही. कुणी थेट रॅकच बदला म्हणालं तर बुश बघितला का एवढं विचारा.

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीचं रबर असतं, बूट म्हणतात त्याला. तो फाटला की पावसाचं पाणी आणि माती आत, ग्रीस धुऊन निघतं, रॅक गंजतो. बूट काहीशे रुपयांत मिळतो, रॅकचं तसं नाही. पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या.

पॉवर स्टेअरिंगचं जरा वेगळं आहे. मारुती ८०० मध्ये बहुतेक साधं स्टेअरिंग, ते मुळातच जड असतं, त्यात रुंद टायर टाकून 'जड झालंय' म्हणून येऊ नका. इंडिका, स्कॉर्पिओ, पहिली इनोव्हा यांत ऑइलवर चालणारं आणि वॅगनआर, स्विफ्टसारख्या गाड्यांत मोटरवर चालणारं.

ऑइलवाल्यात बॉनेट उघडून छोटी डबी बघायची, लेव्हल मार्कच्या मध्ये पाहिजे. वळताना घुंईई आवाज येतोय आणि ऑइलला फेस आलाय म्हणजे आत हवा घुसतेय. गाडी चालू करताच किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चिरका आवाज आला तर आधी बेल्ट बघायचा, ढिला किंवा गुळगुळीत झालेला असतो, पंप नंतर. ऑइल कोणतं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं तेच टाका. ब्रेक ऑइलची डबीही जवळपासच असते, दोन्हीची गल्लत झाली तर रबरी सील फुगून सगळं काम वाढतं, ब्रेकमध्ये चुकीचं ऑइल गेलं तर जिवाशीच गाठ. सारखं ऑइल टॉपअप करावं लागतंय याचा अर्थ गळतंय, नुसतं टाकत राहू नका. आणि पार्किंग करताना स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच दाबून धरायची सवय असेल तर सोडा, शेवटाला टेकलं की थोडं मागे घ्या, पंप आणि ऑइल उगाच तापतं.

मोटरवाल्यात डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला आणि एकदम जड झालं तर घाबरू नका, मोटरची मदत बंद झालीय पण खालची जोडणी तशीच आहे, गाडी वळते, फक्त जोर लावून. कडेला घ्या, बंद करून परत चालू करा. बॅटरी अशक्त असली किंवा टर्मिनल ढिलं असलं तरी हा दिवा लागतो, म्हणून आम्ही आधी बॅटरी आणि चार्जिंग चेक करतो मग स्कॅनर लावतो. अरुंद गल्लीत सारखं मागेपुढे करून मोटर तापली तरी ती आपली मदत कमी करते, थोडा वेळ थांबलं की पूर्ववत होतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवलं की कॉलममधून (स्टेअरिंगखालच्या दांड्यातून) टकटक येते असाही प्रकार असतो, काही गाड्यांत मोटरजवळचा चांदणीच्या आकाराचा छोटा रबरी तुकडा झिजलेला निघतो. काम खोलायचं आहे, पार्ट मात्र स्वस्त.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना टकटकटक असा ओळीने आवाज येतो तो मात्र स्टेअरिंगचा नाही, एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आहे. त्याचाही बूट फाटलेला असतो.

२०१९ च्या महापुरात आपल्याकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या आणि त्यातल्या काही पुढे दोन-तीन हात फिरल्या. अशा गाडीत कॉलमचा जॉइंट गंजून स्टेअरिंग मध्येच अडखळतं, मोटरच्या कनेक्टरला हिरवी बुरशी धरलेली असते. घ्यायच्या आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा. विकणारे कार्पेट धुतात, बेल्टचं टोक कुणी धुवत नाही.

स्टेअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं दिसतंय म्हणून वरचं चाक काढून सरळ बसवून देणारे लोक आहेत, ते करून घेऊ नका. ते खालून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून सरळ करायचं असतं. वरून काढून बसवलं तर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी फिरतं, शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत आतली गुंडाळलेली पट्टी तुटून एअरबॅगचा दिवा लागतो, आणि ती दुरुस्ती अलाइनमेंटच्या कित्येक पट महाग.

आंबा घाट, आंबोली, गगनबावड्याकडे जाणाऱ्यांना हात जोडून एक विनंती, उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका. पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, दोन-तीनदा ब्रेक मारला की ब्रेकही दगडासारखा होतो, आणि चुकून किल्ली बाहेर आली तर स्टेअरिंग लॉक पडतं.

ज्यात दुरुस्ती पुढे ढकलायची नाही ते एवढंच: प्ले अचानक वाढला, वळताना मध्येच अडकलं, किंवा खड्ड्यात पुढून लोखंडी धाड् आवाज यायला लागला. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होऊन गाडी बसते. अशी गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही येऊन बघतो.

बाकी कामाला येताना डिकीतली पोती, कॅन, सामान काढून या, कारण वजनाने कोन बदलतात. थंड इंजिनवर आवाज येत असेल तर गाडी आदल्या रात्री लावून जा, सकाळी आम्हीच चालू करतो. काम झाल्यावर तुम्हाला शेजारी बसवून एक चक्कर मारतो आणि काढलेले जुने पार्ट तुमच्या हातात देतो, न्यायचे का टाकायचे तुम्ही ठरवा. रविवारी दुपारनंतर बंद असतं.