यूथ हॉस्टेल
यूथ हॉस्टेल : पायी किंवा सायकलने हिंडणाऱ्या तरुणांना कमी खर्चात मुक्काम करता यावा म्हणून उभी राहिलेली, सभासदत्वावर चालणारी निवासव्यवस्था.

जर्मनीतील वेस्टफालियात आल्टेना येथे शिकवणारे रिखार्ड शिरमान विद्यार्थ्यांच्या पायी सहली काढत. ऑगस्ट १९०९ मध्ये अशा एका सहलीला वादळाने गाठले व सर्वांना वाटेतल्या शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा ओसच पडतात. दिवसभराच्या चालीवर अशी एकेक शाळा मिळाली तर मुलांना देशभर हिंडता येईल, असे त्यांना सुचले. १९१० मध्ये वृत्तपत्रातून मांडलेली त्यांची योजना अगदी हिशेबी होती : दोन वर्गखोल्या, एक मुलांना, एक मुलींना, बाके रचून ठेवून १५ बिछान्यांची जागा, प्रत्येकी पेंढा ठासून भरलेली गादी व उशी, दोन चादरी, एक कांबळे. आपली जागा ज्याची त्याने स्वच्छ ठेवायची. पहिल्या महायुद्धापूर्वीच आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे हॉस्टेल झाले. तिथले जुने शयनकक्ष आता संग्रहालय म्हणून जपले आहेत.

ब्रिटनमध्ये १९३० साली अशा हॉस्टेलांची संघटना निघाली. सुरुवातीचा दर रात्रीला एक शिलिंग होता. १९३२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला ११ राष्ट्रीय संघटनांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हॉस्टेले नाझी पक्षाच्या हिटलर यूथ या युवक संघटनेच्या ताब्यात गेली आणि १९३६ मध्ये शिरमान यांना महासंघाचे अध्यक्षपदही सोडावे लागले. देशोदेशींच्या मुलांना एका छताखाली आणणारी चळवळ त्या राजवटीला मानवणारी नव्हतीच.

साधेपणा, स्वावलंबन, समानता ही मूल्ये खरी दिसत ती जुन्या नियमांत, आणि बहुतेक नियमांमागे पैशाचा हिशेब असे. नोकर परवडत नसत, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला एक काम येई : भांडी, झाडलोट, लाकडे फोडणे. एकटा-दुकटा वॉर्डन सगळे पाही, म्हणून दिवसा दार बंद असे. एकाच ठिकाणी लागोपाठ तीनच रात्री राहता येई, कारण खाट अडली तर मागून चालत येणारा उघड्यावर पडे. मोटारीने येणाऱ्यांना ब्रिटनमध्ये बरीच वर्षे मज्जाव होता.

पांघरुणे रोज धुणे अशक्य होते. त्यावर तोडगा म्हणजे चादरीची पिशवी : चादर दुमडून कडा शिवायच्या, डोक्याकडे उशीसाठी खोळ ठेवायची. अंग गादी-कांबळ्याला लागत नसे आणि पाहुणा आपली पिशवी आपणच धूत असे. आता अनेक हॉस्टेले धुतलेल्या चादरी देतात व बाहेरच्या स्लीपिंग बॅगला मनाई करतात, कारण तिच्या शिवणीत ढेकूण दडून येतात. पाठपिशवी खाटेवर टाकू देत नाहीत तेही यासाठीच. लागण झालीच तर एक खाट बदलून भागत नाही. दुमजली पलंगांच्या सांध्यांत व भिंतीच्या फटींत अंडी असतात, सगळी खोली रिकामी करून उपचार करावे लागतात, तेही अंडी फुटल्यावर पुन्हा एकदा.

वयाची अट बहुतेक ठिकाणी गेली, कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, वाटून दिलेली कामे जवळपास संपली. सामाईक स्वयंपाकघर मात्र टिकून आहे. तिथे नाव व तारीख न लिहिलेला डबा फ्रीजमधून सरळ कचऱ्यात जातो.